‘लाइफ इज स्ट्रेंज’मधील समांतर वास्तवे : चाहत्यांच्या थिअरी पायरीपायरीने कशा तपासाव्यात

ब्लॅकवेल अकॅडमीच्या प्राचार्यांच्या कार्यालयाचे दार बंद आहे. रात्रीची वेळ आहे, मॅक्सची मैत्रीण क्लोई कुलपाशी खटपट करत बसली आहे आणि ते काही केल्या उघडत नाही. मॅक्स शाळेतूनच एकेक जिन्नस गोळा करून गावठी बाँब तयार करते, तो दाराला लावते आणि दार उडवते. धोक्याची घंटा वाजू लागते. मॅक्स आत शिरते, हात पुढे करते आणि वेळ मागे फिरवते. घंटा थांबते, दार पूर्ववत होते, कुलूप पुन्हा बंद होते. मॅक्स मात्र आतच राहते. ती आतून दार उघडते आणि बाहेर उभ्या असलेल्या क्लोईला आत घेते. दार कधी फुटलेच नाही, आणि तरीही ते फुटले म्हणूनच मॅक्स आत आहे.

हा प्रसंग ‘लाइफ इज स्ट्रेंज’च्या तिसऱ्या भागातला आहे आणि समांतर वास्तवांविषयी चाहत्यांनी मांडलेली कोणतीही थिअरी तपासायची असेल, तर माझ्या मते तिला सर्वांत आधी या दारासमोर उभे करावे. पॅरिसच्या डोन्टनॉड एंटरटेनमेंटने बनवलेला आणि स्क्वेअर एनिक्सने प्रकाशित केलेला हा साहसी व्हिडिओ गेम जानेवारी ते ऑक्टोबर २०१५ या काळात पाच भागांत आला. त्याची नायिका मॅक्स वेळ मागे फिरवते तेव्हा जुने जग पुसले जाते की ते तसेच मागे राहून ती दुसऱ्या जगात जाते, या एका प्रश्नाभोवती तेव्हापासून असंख्य तर्क उभे राहिले. त्यांतले काही अतिशय विचारपूर्वक केलेले आहेत, तर काही एखाद्या स्क्रीनशॉटवर उभे आहेत. दोहोंतला फरक स्वतः खेळून, स्वतःच्या डोळ्यांनी कसा ओळखावा, हे पुढे क्रमाने सांगितले आहे. शेवटासह संपूर्ण कथा यात उघड होते. त्यामुळे ज्यांनी गेम खेळलेला नाही त्यांनी आधी तो खेळावा. कथेत आत्महत्या आणि अपहरण यांसारखे जड विषय आहेत, हेही लक्षात असू द्यावे.

पहिली पायरी : मॅक्सच्या शक्ती वेगवेगळ्या करून पाहा

बहुतेक थिअरींमध्ये पहिली चूक इथेच होते. ‘मॅक्स काळात मागे जाते’ असे एकच वाक्य लिहिले जाते आणि त्याखाली दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या जातात.

एक आहे रिवाइंड. यात मॅक्सचे शरीर आहे तिथेच राहते आणि तिच्याभोवतीचे जग उलटे फिरते. तिने उचललेली वस्तू तिच्याजवळच राहते आणि ऐकलेले तिच्या लक्षात राहते. याला मर्यादा आहे : पडद्याच्या कोपऱ्यातील चक्राकार खूण संपली की आणखी मागे जाता येत नाही, आणि अतिवापर झाला की मॅक्सच्या नाकातून रक्त येते. दुसऱ्या भागात मॅक्सची वर्गमैत्रीण केट मार्श जीव देण्यासाठी वसतिगृहाच्या छतावर असते तेव्हा मॅक्स काही क्षण काळ गोठवून तिथवर पोहोचते, पण त्यानंतर तिची शक्ती साफ थकते. त्या छतावर बोललेला शब्द मागे घेता येत नाही.

दुसरी आहे फोटोतून मागे जाणे. ही शक्ती तिसऱ्या भागाच्या अखेरीस प्रथम दिसते. मॅक्स २००८ सालच्या एका फोटोवर लक्ष केंद्रित करते आणि स्वयंपाकघरात तेरा वर्षांची मॅक्स होऊन जागी होते. इथे शरीर जात नाही, फक्त मन जाते. त्या खोलीभोवती पांढरे धुके असते आणि त्याच्या पलीकडे तिला जाता येत नाही. ती क्लोईच्या वडिलांच्या, म्हणजे विल्यमच्या गाडीच्या किल्ल्या लपवते, ते बसने जातात आणि त्यांचा अपघात टळतो. मॅक्स वर्तमानात परतते तेव्हा ते वर्तमान तिच्या ओळखीचे नसते : विल्यम जिवंत आहेत, आणि क्लोई वेगळ्याच अपघातात जायबंदी होऊन व्हीलचेअरवर आहे. मधल्या पाच वर्षांतले मॅक्सला काहीही आठवत नाही.

आता एक बारकावा, ज्याकडे पुष्कळ जणांचे दुर्लक्ष होते. पहिल्या भागात शाळेतला नेथन स्वच्छतागृहात क्लोईवर गोळी झाडतो, मॅक्स हात पुढे करते आणि एकदम वर्गातल्या आपल्या बाकावर असते. ही शक्ती साधी रिवाइंड असती, तर मॅक्स स्वच्छतागृहातच उभी राहायला हवी होती. तिचे शरीर हलले, म्हणजे ही उडी मनाची होती. वर्गात तिने नुकताच इन्स्टंट कॅमेऱ्याने स्वतःचा फोटो काढलेला असतो आणि पाचव्या भागात ती त्याच फोटोतून त्याच वर्गात परत जाते, हे लक्षात घेतले तर पहिली उडीदेखील नकळत झालेली फोटोची उडी असावी, हा चाहत्यांचा तर्क मला पटतो. गेम तसे स्पष्ट सांगत नाही. म्हणून वहीत त्यापुढे ‘तर्क’ असे लिहावे, ‘पुरावा’ असे नव्हे.

दुसरी पायरी : वहीत नोंद ठेवून पुन्हा खेळा

आठवणीवर विसंबून थिअरी तपासू नये. गेमने तुम्हाला निर्णय घ्यायला लावलेले असल्यामुळे तुमची आठवण तुमच्या निर्णयांच्या रंगाची असते. मूळ खेळाला हात न लावता वेगळ्या सेव्ह स्लॉटमध्ये नव्याने सुरुवात करावी. एखादाच प्रसंग पुन्हा पाहायचा असेल तर कलेक्टिबल मोड (निवडलेला प्रसंग पुन्हा खेळून राहिलेले फोटो गोळा करण्याची गेममधली सोय) वापरावा, कारण त्यात घेतलेले निर्णय मुख्य कथेला लागू होत नाहीत.

वहीत चार रकाने पुरतात : वार, प्रसंग, कोणती शक्ती वापरली, आणि त्यानंतर काय बदलले व काय बदलले नाही. शेवटचा रकाना खरा मोलाचा आहे. कथा सोमवार, ७ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू होते आणि वादळ शुक्रवारी, ११ तारखेला येते, त्यामुळे संपूर्ण नोंद पाच दिवसांच्या तक्त्यात मावते. प्रत्येक नव्या वास्तवात पोहोचल्यावर पुढे सरकण्याआधी मॅक्सची डायरी आणि फोनमधील संदेश उघडून वाचावेत. जे मॅक्सला आठवत नाही ते बरेचदा तिथे लिहिलेले असते, आणि ‘इथे आधी कोण राहत होते’ या प्रश्नासाठी त्याहून चांगला साक्षीदार नाही.

तिसरी पायरी : शरीर, आठवण आणि वस्तू हे तीन प्रश्न विचारा

समांतर जगांची कोणतीही थिअरी समोर आली की तिला तीनच गोष्टी विचाराव्यात. मॅक्सचे शरीर कुठे आहे? कोणाला काय आठवते? कोणती वस्तू कुठे उरली? आता हेच प्रश्न घेऊन त्या दाराकडे परत जाऊ.

चाहत्यांमध्ये दोन मोठे पक्ष आहेत. पहिला म्हणतो की जग एकच आहे आणि रिवाइंड म्हणजे खोडरबर : आधीचे पुसले जाते आणि त्याच कागदावर नवे लिहिले जाते. दुसरा म्हणतो की प्रत्येक रिवाइंडला एक फाटा फुटतो, मागचे जग तसेच चालू राहते आणि मॅक्स शेजारच्या जगात पाऊल टाकते. पहिल्या भागात मॅक्सच्या हातून कॅमेरा पडून फुटतो आणि रिवाइंड केल्यावर तो पुन्हा धड होतो. दुसऱ्या पक्षाच्या मते फुटक्या कॅमेऱ्याचा तो वर्ग अजूनही कुठेतरी आहे आणि तिथे मॅक्सचे बाक रिकामे आहे.

दाराच्या प्रसंगात पहिल्या पक्षाला फारशी अडचण येत नाही. मॅक्सचे शरीर काळाच्या प्रवाहाबाहेर असते असे एकदा मान्य केले की, दार पूर्ववत होऊनही ती आत का, याचे उत्तर मिळते. दुसऱ्या पक्षाला मात्र एक हिशेब द्यावा लागतो. मॅक्स शेजारच्या जगात गेली असेल, तर त्या जगाची स्वतःची मॅक्स त्या क्षणी क्लोईच्या बाजूला, दाराबाहेर उभी होती. ती कुठे गेली? क्लोईला दोन मॅक्स दिसत नाहीत; तिच्या दृष्टीने तिची मैत्रीण बाहेरून नाहीशी झाली आणि आतून प्रकटली. फाट्यांची थिअरी टिकवायची असेल, तर येणारी मॅक्स तिथल्या मॅक्सची जागा घेते असे तरी म्हणावे लागते, नाही तर दोघी एकरूप होतात असे तरी. दोन्ही शक्यता गेममध्ये कुठेही दाखवलेल्या नाहीत. मी स्वतः कित्येक वर्षे फाट्यांच्या बाजूचा होतो. हा हिशेब मांडायला बसलो आणि निदान रिवाइंडपुरता मला पहिल्या पक्षाकडे यावे लागले.

फोटोच्या उड्यांचे मात्र तसे नाही, आणि इथे घाई करू नये. विल्यम जिवंत असलेल्या वास्तवात २००८ ते २०१३ ही पाच वर्षे कोणीतरी जगले आहे. त्या मॅक्सने ब्लॅकवेलमध्ये प्रवेश घेतला, जिच्याशी आपल्या मॅक्सचे कधी जमले नाही त्या व्हिक्टोरियाच्या व्होर्टेक्स क्लबमध्ये, म्हणजे शाळेतल्या प्रतिष्ठित मुलांच्या टोळक्यात, ती ऊठबस करू लागली. आपली मॅक्स त्या शरीरात अचानक जागी होते. मग पाच वर्षे जगलेले ते मन कुठे गेले? केवळ खोडून पुन्हा लिहिणे असते, तर मॅक्सला नव्या आठवणीही मिळायला हव्या होत्या. त्या मिळत नाहीत, म्हणजे दोन मॅक्स होत्या आणि एकीने दुसरीचे आयुष्य ताब्यात घेतले, असा अर्थ निघतो. पाचव्या भागातील दुःस्वप्नात मॅक्सच्या समोर दुसरी मॅक्स बसते आणि तू मागे सोडून दिलेल्या अनेकींपैकी मी एक आहे, अशा आशयाचे बोलते, ते याच जखमेवर बोट ठेवते. हा संवाद फाट्यांच्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा म्हणून दाखवला जातो. पण तो स्वप्नातला आहे. त्यातून मॅक्सच्या मनातील अपराधीपणा सिद्ध होतो. जगाची रचना सिद्ध होत नाही. म्हणून तक्त्यात त्याला अर्धे वजन द्यावे, आणि डायरी-फोनमधील नोंदींना पूर्ण.

चौथी पायरी : आकाशातील खुणा पंचांगाशी ताडून पाहा

आर्केडिया बे हे ऑरेगनमधील काल्पनिक गाव असले तरी तारखा खऱ्या कॅलेंडरच्या आहेत, आणि याचा फायदा घ्यायला हवा. सोमवारी संध्याकाळी उबदार हवेत बर्फ पडतो. मंगळवारी सायंकाळी कोणीही न वर्तवलेले सूर्यग्रहण लागते. त्यानंतर मरून पडलेले पक्षी दिसतात, किनाऱ्याला लागलेले देवमासे दिसतात, गुरुवारी रात्री आकाशात दोन चंद्र उगवतात आणि शुक्रवारी चक्रीवादळ येते.

ग्रहणाची पडताळणी आपल्याकडच्या कोणालाही घरबसल्या करता येईल. सूर्यग्रहण अमावास्येलाच होते. २०१३ साली घटस्थापना ५ ऑक्टोबरला होती, म्हणजे अमावास्या तेव्हाच सरली होती आणि मंगळवारी, ८ तारखेला शुक्ल पक्षाचे तीन-चार दिवस उलटले होते. त्या वर्षी सूर्यग्रहणे झाली ती १० मे आणि ३ नोव्हेंबर या दोनच दिवशी. तसेच गुरुवारी, १० तारखेला आकाशात अष्टमीच्या आसपासचा अर्धा चंद्र असायला हवा. गेममधले दोन्ही चंद्र भरलेले दिसतात. यावरून इतके निश्चित म्हणता येते की आर्केडिया बेच्या आकाशात जे दिसते ते त्या तारखेच्या आकाशाशी जुळत नाही.

दोन जगे एकमेकांवर सरकली आहेत आणि दुसरा चंद्र शेजारच्या जगाचा आहे, ही थिअरी चित्र म्हणून फार सुंदर आहे आणि ती का लोकप्रिय झाली हे मला समजते. तिला पुढचे दोन प्रश्न विचारावेत. पहिला : मॅक्सने फोटोची मोठी उडी मारली ती तिसऱ्या भागात, मग सोमवारचा बर्फ कुठल्या जगातून आला? याचे उत्तर देण्यासाठी, पहिली उडी वर्गातल्या फोटोची होती हा आधीचा तर्क कामाला येतो, आणि तो तक्त्यात ‘तर्क’ म्हणूनच नोंदलेला असल्याने त्यावर उभी राहणारी थिअरीही तितकीच कच्ची राहते. दुसरा : दुसरा चंद्र शेजारच्या जगाचा असेल, तर त्या जगातले दुसरे काहीच का झिरपत नाही? एखादा माणूस नाही, एखादी इमारत नाही, फक्त चंद्रच का? याचे समाधानकारक उत्तर अजून मला मिळालेले नाही, आणि ज्याला ते गेममधूनच शोधता येईल त्याची थिअरी मी आनंदाने वाचेन.

पाचवी पायरी : विज्ञानातील शब्द जपून वापरा

तिसऱ्या भागाचे नावच ‘केऑस थिअरी’ आहे, सुरुवातीला निळे फुलपाखरू आहे आणि अखेरीस वादळ. हा संदर्भ हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांच्याकडून आलेला आहे. १९६०च्या दशकाच्या आरंभी संगणकावर हवामानाचे गणित पुन्हा चालवताना त्यांनी ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ हा आकडा दिला आणि थोड्याच काळात निष्पन्न होणारे हवामान पूर्णपणे वेगळे झाले. १९६३ साली त्यांचा शोधनिबंध आला आणि १९७२ साली ब्राझीलमधील फुलपाखराच्या पंखांच्या फडफडीने टेक्सासमध्ये चक्रीवादळ येईल काय, असा प्रश्न मथळ्यात असलेले व्याख्यान त्यांनी दिले. यात समांतर जग कुठेही नाही. एकाच जगात छोटा फरक मोठा होतो, इतकेच त्यांचे म्हणणे आहे. त्यामुळे फुलपाखराचे चित्र पाहून त्याला अनेक जगांचा पुरावा मानणे ही सरळ चूक आहे. उलट ते खोडरबराच्या पक्षाला अधिक जवळचे आहे.

अनेक जगांची कल्पना ह्यू एव्हरेट यांच्या १९५७ सालच्या पुंजभौतिकीतील मांडणीतून येते. तिच्यातले फाटे एकदा वेगळे झाले की व्यवहारात एकमेकांना स्पर्श करत नाहीत. एका फाट्यातून दुसऱ्यात जाणारी मॅक्स किंवा शेजारून डोकावणारा चंद्र त्या मांडणीत बसत नाही. ‘एव्हरेटनुसार’ असे लिहिण्याआधी हे ध्यानात ठेवावे.

सहावी पायरी : पुढच्या गेमचा पुरावा वेगळ्या कप्प्यात ठेवा

पहिल्या गेमच्या अखेरीस क्लोई किंवा आर्केडिया बे यांपैकी एकाचा त्याग करावा लागतो. डोन्टनॉडनेच बनवलेल्या दुसऱ्या गेममध्ये, म्हणजे २०१८ साली सुरू झालेल्या ‘लाइफ इज स्ट्रेंज २’मध्ये, तुम्ही कोणता शेवट निवडला होता हे विचारले जाते आणि त्यानुसार गाव शाबूत किंवा उद्ध्वस्त दिसते. दोन्ही शेवट खरे आहेत, म्हणजे दोन्ही जगे अस्तित्वात आहेत, असा निष्कर्ष यावरून काढला जातो. मला तो मान्य नाही. निर्मात्यांनी खेळणाऱ्याच्या निर्णयाचा मान राखला, एवढेच त्यातून दिसते; कथेतल्या एकाही पात्राला दुसरा शेवट ठाऊक नसतो.

टायटन या प्रकाशनसंस्थेने २०१८च्या नोव्हेंबरपासून काढलेली कॉमिक्स मालिका मात्र समांतर वास्तवे उघडपणे मान्य करते. ती गावाच्या त्यागानंतरची कथा घेते, तिथली मॅक्स वास्तवांमध्ये हेलकावे खाऊ लागते आणि क्लोई व मूळ कथेत मारली गेलेली तिची जिवलग मैत्रीण रेचल दोघीही जिवंत असलेल्या जगात जाऊन पोहोचते. डेक नाइन या वेगळ्या कंपनीने बनवलेला आणि २९ ऑक्टोबर २०२४ रोजी आलेला ‘डबल एक्स्पोजर’ तर संपूर्णपणे दोन जगांवरच उभा आहे : व्हरमाँटमधील कॅलेडन विद्यापीठात मॅक्सची मैत्रीण साफी मारली जाते आणि मॅक्सला साफी जिवंत असलेल्या व नसलेल्या अशा दोन जगांत ये-जा करता येऊ लागते. रेचल आणि वादळ यांचा संबंध जोडणाऱ्या थिअरीचा मुख्य आधारही डेक नाइनच्याच २०१७ सालच्या ‘बिफोर द स्टॉर्म’मध्ये आहे, जिथे रेचलच्या आक्रोशासरशी वारा उसळतो आणि आग भडकते.

हे सगळे खोटे आहे असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. पण २०२४ साली वेगळ्या लेखकांनी, वेगळ्या शक्तीसाठी घालून दिलेला नियम २०१५ सालच्या दारावर लावता येत नाही. वहीत मूळ गेम, त्याच निर्मात्यांचा पुढील गेम, इतरांचे गेम आणि कॉमिक्स असे वेगळे कप्पे करावेत, आणि तुमच्या थिअरीचा प्रत्येक आधार कोणत्या कप्प्यातून आला हे लिहावे. सगळे आधार शेवटच्या कप्प्यांतले निघाले, तर तुमची थिअरी मूळ गेमविषयी नसून मालिकेविषयी आहे. तशी ती मांडायला काहीच हरकत नाही.

सातवी पायरी : स्वतःची थिअरी लिहा आणि ती कशाने मोडेल तेही लिहा

सुरुवातीला एका वाक्यात दावा लिहावा. माझा असा आहे : रिवाइंडमध्ये जग एकच असते आणि ते पुन्हा लिहिले जाते, फोटोच्या उडीत मात्र एका मॅक्सचे मन दुसऱ्या मॅक्सच्या आयुष्यावर बसते. त्याखाली प्रसंग, भाग आणि वार यांसह आधार द्यावेत, तर्क असेल तिथे तर्क असेच म्हणावे, आणि सर्वांत शेवटी कोणता प्रसंग सापडला तर आपण हा दावा मागे घेऊ ते नोंदवावे. माझ्या बाबतीत तो असा असेल : मूळ गेममध्ये रिवाइंडनंतर एखाद्या पात्राला पुसल्या गेलेल्या प्रसंगातील गोष्ट मॅक्सने न सांगता आठवते असे कुठेही दिसले, तर खोडरबराचा पक्ष पडला. मी मॅक्सचा मित्र वॉरन, केट आणि क्लोईची आई जॉयस यांचे संवाद या दृष्टीने पुन्हा ऐकले आणि तसे काही आढळले नाही. क्लोईचे सावत्र वडील डेव्हिड आणि अमली पदार्थ विकणारा फ्रँक यांचे संवाद, विशेषतः चौथ्या भागात फ्रँकच्या गाडीपाशी पुनःपुन्हा रिवाइंड करून बोलता येते ते, अजून ओळीने ऐकायचे राहिले आहेत.